रांजणाच्या गळ्याशी बसणारी बेडकी

माय, आज सकाळी मागच्या रांजणावरचे फडके उचलले आणि तुला काही सांगायचे राहून गेले आहे असे वाटले. तू गेलीस त्याला इतका काळ झाला की आता मी तुझ्याहून वयाने मोठी आहे. तुला अक्षर येत नव्हते. तू होतीस तोवर मलाही येत नव्हते. तेव्हा हा कागद लिहून कोणाला काय पोचणार, हा प्रश्न आहेच. पण या घरात दुपारी बोलायला कोणी नसते, आणि जे सांगायचे आहे ते ऐकून न हसणारी तूच एक होतीस. एका बेडकाची गोष्ट आहे.

तुझा जावई गेला ते तुला ठाऊक नाही. कापसाच्या गाड्या घेऊन खामगावाकडे गेला होता, वाटेत पटकी झाली. गाड्या परत आल्या, बैल परत आले. ते कापसाच्या तेजीचे दिवस. सातासमुद्रापलीकडे कुठे तरी लढाई लागली होती आणि तिकडचा कापूस बाजारात येत नव्हता, एवढेच आम्हाला समजे. पण त्या लढाईमुळे अमरावतीत ज्याच्या त्याच्या तोंडी रुईशिवाय दुसरा विषय उरला नाही. आमच्या परसाला लागून एका व्यापाऱ्याने वखार बांधली. दिवसभर तिथे चरख्या कुरकुरत, सरकी एकीकडे पडे, रुई एकीकडे, आणि बारीक तंतू उडून आमच्या अंगणात, अन्नात, पापण्यांवर बसत. धाकट्या दिराने पुढची खोली गाडीवानांना उतरायला दिली आणि मी मागच्या पडवीत आले. कोणी हाकलले नाही. एके दिवशी माझे अंथरूण तिकडे होते, इतकेच. पाट लावून दुसरे घर करायचे का, असे दिराने एकदा विचारले होते. मी नको म्हटले. मग कोणी काही विचारायचेच राहिले नाही.

त्या पडवीतून वखारीच्या गठाणी दिसत. त्यांच्यावर काळ्या रंगाने गावांची नावे घातलेली. कुठली गठाण कुठे जायची ते हमाल ओरडून सांगत, आणि मी बसल्या बसल्या नाव आणि खूण जुळवत असे. अकोल्याच्या गठाणीवरची पहिली खूण आणि अमरावतीच्या गठाणीवरची पहिली खूण एकच होती. तुझे गाव आणि माझे गाव एकाच अक्षराने सुरू होते हे मला असे कळले. बाकीची अक्षरे त्याच्या मागोमाग आली, हळूहळू, जशी गठाणी येतील तशी. पुढे एक जुने पंचांग मिळाले, एक फाटकी पोथी मिळाली. मला कोणी शिकवले नाही, म्हणून माझे अक्षर आजही गठाणीवरच्यासारखे मोठे आणि जाड येते.

पडवीच्या कोपऱ्यात वापरायच्या पाण्याचा रांजण आहे. त्याच्या बाजूला न्हाणी, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली कर्दळ आणि अळू, आणि धुण्याची दगडी डोणी. कापूस पाण्यात पडू नये म्हणून मी रांजणावर फडके बांधून ठेवी. एका सकाळी फडके काढले तर आतून गळ्याशी मातीचा गोळा चिकटलेला. नखाने काढायला गेले आणि गोळ्याने डोळा उघडला. मी सासरी येताना तू दिलेला पितळी गडू माझ्या हातून पडला. त्या गडूला जो पोचा आहे तो तेव्हाचा.

जाऊ धावत आली. तिने आत वाकून पाहिले आणि पदर नाकाला लावला.

"अरे बाप्पा! बेंडूक हाये व बाई! मीठ टाका त्याच्यावर, आपोआप जाते."

"कावून? त्यानं तुझं काय खाल्लं?"

"पान्यात बसते ना ते!"

"पाण्यात नाही. पाण्याच्या वर बसलं आहे. पाहून तर घे."

तिने पाहिले नाही. मी मात्र त्या दिवसापासून पाहू लागले. नदीकाठी दिसतो तो जाड, हिरवा, डराव डराव करणारा बेडूक हा नव्हता. हा सडपातळ, कंबर बारीक, पाय लांब, अंग गुळगुळीत. बोटांच्या टोकांना मसुरीच्या डाळीएवढ्या गोल टिकल्या, आणि त्या टिकल्यांच्या जोरावर उभ्या भिंतीवर चढतो. माझ्या कपाळावरची टिकली गेल्यावर ती मला पुन्हा दिसली ती या बोटांवर. रांजणावर बसला की रंग भाजल्या मातीसारखा. तोच चुन्याच्या भिंतीवर गेला की राखेसारखा पांढरट होई. पहिल्यांदा मला वाटले दोन आहेत. मग एकदा संध्याकाळी समोर बसून राहिले, आणि भिंतीवर तो हळूहळू फिका होताना माझ्या डोळ्यांनी पाहिला. कोरडे फडके ओले होताना जसे रंग बदलते ना, त्याच्या उलट.

उन्हाळ्यात तो काहीच करत नाही. पाय पोटाशी घेऊन, डोळे मिटून, रांजणाच्या गळ्याशी एकाच जागी दिवसच्या दिवस बसतो. जिवंत आहे का ते पाहायचे तर हनुवटीखालची कातडी पाहावी लागते, ती हलत असते. सकाळी फडके काढले की मी तिथे पाहायची. हलते आहे. मग माझ्या कामाला लागायची. माय, त्या उन्हाळ्यात मी दिवसभरात कोणाशी बोलले नसेन, पण हे एक पाहणे कधी चुकले नाही.

कोरड्या हाताने त्याला धरले की तो घाबरतो आणि हातावर मुततो. ओल्या हाताने धरले तर तसे करत नाही. हातावर पाणी घेऊन तळवा मागून लावायचा, म्हणजे तो आपणच एक एक पाय उचलून वर येतो. त्याचे पोट इतके गार असते की पोळलेल्या बोटाला बरे वाटावे. ओला हात लावायचे मला सुचले ते तुझ्यामुळे. तुझ्या दारात धोंडी आली होती तो दिवस मला आठवतो. पाऊस ताणला होता. मुसळाला कडुनिंबाचा पाला बांधलेला, पाल्यात बेडूक बांधलेला, दोघे जण मुसळ खांद्यावर घेऊन घरोघर पाणी मागत येत होते. तू चुलीपुढून उठून आलीस, हात पिठाचे. मला म्हणालीस, घाल पाणी. मी घागर उचलून मोठ्या हौसेने भसकन ओतायला गेले आणि तू माझे मनगट धरलेस. तुझ्या हाताचे पीठ माझ्या हाताला लागले.

"दगड-भित्ताड हाये का थे? जीव हाये त्यात. हातावरून जाऊ दे पानी."

मग तू स्वतःचा हात बेडकावर धरलास आणि मला त्या हातावर पाणी घालायला लावलेस. पाणी तुझ्या बोटांतून ओघळून त्याच्यावर पडत होते, पिठाने जरासे पांढरे झालेले. बेडकाने डोळे मिटले. तू मला रागावल्याचे दुसरे काही आठवत नाही, हे एवढेच आठवते.

पावसाळ्यात अळूच्या झाडीतून कोणी तरी टकटकटकटक असा आवाज करी, दूर कुठे चरखी चालू झाल्यासारखा. मला वाटे तोच. मी म्हणे, भाऊ, तोंड उघडलं का शेवटी. मग एका सकाळी डोणीवर झुकलेल्या कर्दळीच्या पानाला पांढरा फेस चिकटलेला दिसला, मूठभर. जावेला वाटले मी रिठे सांडले. मला वाटले वखारीतली रुई उडून भिजली. पलीकडे राहणारी पिंजारीण खाला कुंपणाशी आली होती. कापूस पिंजून पिंजून तिचे केस आधीच पांढरे झाल्यासारखे दिसत. तिने काडीने फेस जरासा उघडला, आत पाहिले, आणि मोठ्याने हसली.

"अगं बेटी, तू जिसको भाऊ भाऊ करती थी, वो तो जच्चा निकली! बाळंतीण है तेरी."

फेसात साबुदाण्याहून बारीक अंडी होती. म्हणजे ज्याला मी सबंध उन्हाळा तो म्हणत होते ती बेडकी होती, आणि टकटक करणारा दुसराच कोणी, जो मला कधी दिसलाच नाही. काही दिवसांनी फेस वितळला आणि पिले एकेक करून खाली डोणीत टपकली, शेपटीवाली, काळी. मी धुणे डोणीबाहेर दगडावर धुऊ लागले. जाऊ म्हणाली, बाईचे डोके फिरले. खाला म्हणाली, फिरू दे, कोणाच्या घरात तर पाळणा हलला. तेव्हा आम्ही तिघीही हसलो. जावेलाही मूल नव्हते, हे मला हसून झाल्यावर आठवले, आणि तिलाही आठवले असावे, कारण ती लगेच आत गेली.

बेडकी मात्र पिलांकडे कधी आली नाही. रांजणावर बसून राही. पिलांना पाय फुटले, ती भिंत चढून गेली, त्यांतल्या एकानेही तिचा चेहरा पाहिला असेल असे मला वाटत नाही.

त्याच्या पुढच्या साली पाऊस आलाच नाही. आषाढ कोरडा गेला. त्या साली सगळ्यांनी ज्वारी सोडून कापसाची पऱ्हाटीच पेरली होती, आमच्या दिरानेही, बांधापासून बांधापर्यंत. वखारीच्या चरख्या थांबल्या. गाडीवान सावलीला पडून असत. मग गल्लीने धोंडी काढायचे ठरवले, आणि धोंडीला बेडूक मिळेना. नदीत वाळू, विहिरीत गाळ, शेतातले बेडूक जमिनीत खोल गेलेले. तेव्हा जाऊ पाणवठ्यावर बोलून गेली, "आमच्या बाईच्या रांजनाले हाये ना एक!"

सगळे परसात आले. पुढे दीर, मागे मुसळ घेतलेले दोन गाडीवान, त्यांच्यामागे बायका. मी रांजणापुढे उभी राहिले.

"वैनी, बेंडूक द्या."

"मेलं तर?"

"मरत नाई. धोंडीचं बेंडूक मरत नसते."

"मागच्या खेपेचं कुठं आहे मग?"

बायकांतून एक म्हणाली, "एका बेंडकासाठी गाव तहानलं ठेवन का हे?" दुसरी म्हणाली, "तिचं काय जाते? ना शेत, ना लेकरू." मी ते ऐकले आणि जागची हलले नाही. हे ऐकायची मला सवय होती. पण दीर उंबऱ्यावर बसला. तो मोठा आवाज करणारा माणूस, त्या दिवशी हळू बोलला.

"वैनी, पऱ्हाटी जळून राह्यली. सकाळी गेलो होतो. पानं हातात चुरतात."

त्याने आपला तळवा उघडून दाखवला. रेषांमध्ये खरोखर चुरा बसला होता. त्याच्या भावाचे हात तसेच होते. मी बाजूला झाले.

एका गाडीवानाने रांजणात हात घातला. बेडकीने उडी मारली ती त्याच्या पागोट्यावर, आणि तिथून त्याच्या कपाळावर तिने धार सोडली. "मेलो रे मेलो! डोया जाते माया!" म्हणून डोळे चोळत तो नाचू लागला, आणि इतक्या दिवसांनी गल्लीत हशा झाला. दुसरा हात लावायला तयार होईना. मग मी हातावर पाणी घेतले आणि तळवा पागोट्याला लावला. ती आली. एक एक पाय उचलून, नेहमीसारखी, माझ्या मनगटापर्यंत आली आणि बसली.

बांधायला सुतळी आणली होती. त्या कमरेला सुतळी म्हणजे करवत. खाला मुकाट्याने घरी गेली आणि पिंजलेल्या कापसाचा पेळू घेऊन आली, न कातलेला, बोटाएवढा जाड, मऊ. त्याने मी बेडकीला कडुनिंबाच्या पाल्यात बांधले. जावेजवळ मी माझा गडू दिला आणि सांगितले, आपल्या दारात आली की हातावरून घाल, भसकन नको. ती म्हणाली, "हो व बाई, हो. पर तुमी अंदरच राहा आता."

मी आत राहिले. विधवेने त्या वेळी दारात यायचे नसते, ते तुला सांगायला नको. दाराच्या फटीतून पाहत होते. धोंडी गल्ली फिरत फिरत आमच्या दारात आली. मुसळ पाण्याने निथळत होते. जावेच्या एका हातात माझा गडू होता. तिने तो खाली ठेवला, घरातली शेवटची भरलेली बादली उचलली, डोळे मिटले आणि सगळी बादली एकदम ओतली. मला तिचा राग आला नाही. तिचे ओठ हलत होते आणि गाल ओले होते, ते पाणी बादलीचे नव्हते. पण ओला पेळू तुटला. पाल्यातून काही तरी फिकट उडाले आणि वखारीच्या बाजूला गेले. लोक आभाळाकडे तोंड करून ओरडत होते. कोणाला दिसले नाही. मुसळाबरोबर चालणाऱ्या खालाला दिसले. तिने दाराच्या फटीकडे पाहिले आणि तोंडावर बोट ठेवले. पुढच्या सगळ्या दारांत बायकांनी नुसत्या पाल्यावर पाणी घातले. संध्याकाळी खाला मला म्हणाली, "चुप बैठ, बेटी. पानी मांगनेवाले ने मांग लिया. सुननेवाला पत्ते उठाके थोडी देखता है."

पाऊस नंतर आला, उशिरा आणि थोडा. दिराचा कापूस निम्मा आला, तरी त्या सालच्या भावाने घर तरले. सगळे म्हणाले धोंडी पावली. मी रोज सकाळी फडके उचलत होते. रांजणाच्या गळ्याशी जिथे ती बसे तिथे एक गुळगुळीत फिकट डाग राहिला होता. मी अळूत पाहिले, कर्दळीखाली पाहिले, वखारीच्या भिंतीला कान लावला. आत रुईचे ढीग होते, कोरडे. ओल्या अंगाचा जीव त्यात पडला तर काय होते ते मी मनात येऊ दिले नाही.

मग तिकडची लढाई संपली म्हणे. भाव पडला. बडनेऱ्याला आगगाडी आली, पण आमच्या शेजारच्या वखारीला कुलूप लागले. गाडीवान गेले. खाला लेकीकडे अचलपूरला गेली, जाताना एक पेळू माझ्या हातात ठेवून. पुढची खोली रिकामी झाली, पण माझे अंथरूण मागेच राहिले. मलाही आता तिकडे झोप येणार नाही. हवेत कापूस उडत नाही. तरी मी रांजणावर फडके बांधते.

आणि आज सकाळी ते उचलले तर त्याच जागी, त्याच डागावर, पाय पोटाशी घेऊन बेडकी बसलेली. हनुवटीखालची कातडी हलत होती. मी किती वेळ वाकून उभी होते कोण जाणे. जाऊ चुलीपाशी होती. आता तिचा आवाजही पूर्वीसारखा राहिला नाही.

"आलं का व बाई, तुमचं बेंडूक?"

"आलं."

"थेच हाये का?"

"तेच."

ती उठून आली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने रांजणात नीट वाकून पाहिले. म्हणाली, "डोये चांगले हायेत की." आणि परत भाकरीकडे गेली.

माय, ते तेच आहे का, मला ठाऊक नाही. मी दोन उन्हाळे तिला रोज पाहिले. तिची बोटे सांगेन, रंग कसा बदलतो ते सांगेन, कुठे बसते, कशाला भिते, पोट किती गार ते सांगेन. पण तिच्या पाठीवर काही खूण होती का, ते मी पाहिलेच नव्हते. मी तेच म्हटले ते जागेवरून.

तुझेही तसेच झाले आहे. कोणी विचारले तर मी सांगते, माझी माय माझ्यासारखीच दिसायची. खरे म्हणजे तुझा चेहरा मला आठवत नाही. फार दिवस झाले आठवत नाही. पीठ लागलेला हात आठवतो आणि त्याच्यावरून जाणारे पाणी. तू समोर आलीस तर मी तुला ओळखणार नाही, माय. तू आपला हात पुढे धर, मी वरून पाणी घालीन, म्हणजे ओळखेन.